पारोळा–वूच, मार्गे अमळनेर

निंबा सकाळच्या एसटीनं आला,
झेरॉक्सचं दुकान बंद ठेवून,
वरच्या खिशात पासपोर्ट.
"आज शेवटला दिन शे भो याना.
सकायपासून हाई नुसती वही.
दखाड तुन्हं गाव."

दहा वर्षांची मुदत, सगळी पानं कोरी.
व्हिसा नाकारल्याचं पत्र त्यानं दुकानात लावलंय,
लॅमिनेशनचा नमुना म्हणून.

चल, म्हटलं.
स्टेशनातून निघून सरळ जातो तो त्यांचा मोठा रस्ता.
रसवंतीच्या जागी घड्याळवाला धर.
रिक्षा उभ्या आहेत तिथे ट्राम, लाल-पिवळी.
बटण दाबल्याशिवाय तिचं दार उघडत नाही,
हे कळेपर्यंत माझे तीन स्टॉप गेले होते.
निंबानं हवेत बटण दाबलं.
रिक्षावाला म्हणाला, कुठे सोडू?

बंद मिलच्या भिंतीशी थांबलो.
तिथेही अशाच गिरण्या, याच लाल विटा.
आता आत कपड्यांची दुकानं, सरकते जिने,
आणि चिमणी तेवढी राखलेली, धुऊनपुसून.
"आन कामगार कथा ग्यात?"
त्याचा बाप याच भिंतीआड साच्यावर होता.
सहा वर्षांत मला हे कुणाला विचारायचं सुचलं नव्हतं.

मी वॉशिंग मशीनला दारं बसवायचो,
गोल, काचेची, शिफ्टला चारशे.
एकाही मशीनमध्ये माझा शर्ट फिरला नाही.

बर्फाचं विचारलंस.
जिनिंगच्या कुंपणाला अडकलेला कापूस समोरच होता,
पण ते फार सोपं झालं असतं.
म्हणून सांगितलं फक्त आवाजाचं:
बुटाखाली पापड मोडावा तसा,
आणि मोडणारा आपण एकटेच.

शेवभाजी खाताना सांगितलं,
पहिल्या आठवड्यात दुकानात मिरची मागितली,
त्यांनी लालभडक पुडी दिली, चव गोड.
निंबाचा घास हातातच राहिला.
"मिरची गोड कशी ऱ्हाई भो?"
एवढं परदेश त्याला दिवसभरात कशानं वाटलं नाही.

दुपारी बोरीत उतरलो. पाणी नाही, वाळू.
वूच म्हणजे होडी, मी म्हणालो,
आणि त्या होडीला नदी दिसत नाही.
होत्या नद्या, त्या रस्त्याखाली नळांत घातल्या.
निंबा वाकला, वाळूला कान लावला.
पुलावरच्या पोरांनी मोबाईल काढले.
बराच वेळ तसाच राहिला,
काय ऐकलं ते सांगितलं नाही.

मग हात झटकत म्हणाला,
"हाई सगळं तू फोनवर सांगेल शे.
आप्पा ग्यात ते तुले कथा समजनं?
ते दखाड."

मी त्याला पाण्याच्या टाकीखालच्या बाकावर नेलं.
का ते विचारू नका, तिथे बाक होता एवढंच.
ट्रामचा शेवटचा स्टॉप, म्हटलं. इथून ती वळते.
रात्रीचे अकरा, फोन खिशात परत ठेवलेला,
सगळे उतरले, मी उतरलो नाही.
ट्रामवाला खाली जाऊन सिगारेट ओढून आला,
माझ्याकडे पाहिलं, आतला दिवा मालवला नाही,
आणि परत शहरात घेऊन गेला.
तिकीट संपलं होतं. त्याला दिसत होतं.

"कितला येळ बसना?"
ती वळेपर्यंत.
तेवढा वेळ आम्ही बसलो.
टाकी भरून वाहायला लागली,
कुणीतरी लांबून ओरडलं, मोटर बंद करा रे.

संध्याकाळी पारोळ्याची गाडी लागली.
सुट्ट्यांवरून कंडक्टरशी हुज्जत घालून
मिळालेलं तिकीट निंबानं पासपोर्टात ठेवलं,
कुठल्याही पानात, बघितलंही नाही.
गाडी हलल्यावर खिडकीतून डोकं काढलं,
"त्या ट्रामवाल्याले आपली मिरची धाडू का रे?
पत्ता दे!"

मी गाडीबरोबर थोडं चाललो,
पत्ता माहीत असल्यासारखा.