टाकीपासून

कळमन्यात रात्री भिवापुरी मिरची भरली,
एकशे ऐंशी पोती.
पहाटे चारला चावी फिरवली:
सेल्फ फिरतो, इंजिन घेत नाही.
पुन्हा. पुन्हा. आवाज जड होत गेला,
दम्याच्या माणसानं जिना चढावा तसा.

उकंडा मिस्त्री पारडीहून सायकलवर आला.
बॅटरीकडे पाहिलंही नाही.
"सायलेन्सरातून धूर देते का?"
नाही.
"पांढरा बी नाही?"
नाही.
"मंग डिझेलच नाही पोचून राह्यलं. उपाशी हाये थे."
"टाकी अर्धी भरली आहे, काका."
"घरात ज्वारी असून काय होते बे,
ताटात आली पाह्यजे ना."

फिल्टरवरचा स्क्रू त्यानं दोन आटे सैल केला,
हातपंपावर मला बसवलं.
हवा धरली असती तर फेस आला असता,
साबणाच्या पाण्यासारखा, फुरफुरत.
फेस नाही. थेंब नाही.
मूठ मात्र खाली गेली की वर यायला मागेना,
पलीकडून कोणी धरून ठेवल्यासारखी.

फिल्टर दिवाळीतच बदलले होते,
फीडपंपाचं किट, नोझल कामठी रोडला तपासून आणले,
साडेसहा हजार गेले.
"सारे तिकडूनच सुरू करते," उकंडा म्हणाला,
"जिथं चमकते तिथून.
टाकीपासून सुरू कर."

त्यानं नळी सोडवली, टोक माझ्या तोंडाशी धरलं.
मिरचीच्या खकाण्यानं घसा आधीच सोललेला,
त्यात डिझेल.
फुंकलं: भिंतीत फुंकावं तसं.
पुन्हा फुंकलं, कान वाजेपर्यंत,
आणि टाकीच्या पोटात कुठेतरी
एकदाच गुडगुडलं.

मग पाइप उपसला.
टोकाच्या जाळीला गुंडाळलेली चिंधी,
काळी, लांबट, उंदराच्या शेपटीएवढी.
बॅटरीच्या उजेडात धरली तेव्हा चौकडा दिसला,
लाल रेघ, मधून पिवळी.

पांढुर्ण्याच्या ढाब्यावर झाकण चोरीला गेलं होतं.
बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा फाडून
टाकीच्या तोंडात बोळा कोंबला,
"नागपूरवरी चालते," म्हणाले.
झाकण मागाहून आलं. बोळ्याचं काय झालं
मी विचारलं नव्हतं.
त्याला सात वर्षं झाली. बाबांना जाऊन चार.
आरसी अजून त्यांच्याच नावावर.

"हा..." मी म्हणालो.
तोवर उकंडानं चिंधी पिळली,
तिनंच पाना पुसला, मग एकेक बोट,
मग खिशात घातली.

चाळीस वेळा हातपंप. आधी फेस,
मग फेसातून डिझेल, मग नुसतं डिझेल,
मनगटावरून कोपरापर्यंत.
स्क्रू आवळला.
तिसऱ्या सेल्फला काळा धूर, आणि सगळी पोती
एकदम थरथरली.

दीडशे झाले. दोनशे दिले.
सुटे काढताना त्याच्या खिशातून चिंधीचं टोक बाहेर आलं.
"थे द्या इकडे."
"काय करतं बे त्याचं?"
मला सांगता आलं नाही.
"राहू द्या मंग."

पारडीच्या पुलावर गिअर बदलताना
हात डोळ्याला लागला.
मिरचीचा हात.