समास

खजुरी बाजारात, गाईडांच्या दुकानांमागे,
नेमीचंद तागडी धरून बसतो.
"पच्चीस रुपये किलो, भिया,
कुंजी लो या मोटर की किताब."

मी चार किलो घेतली.
एकोणनव्वद ते सत्त्याण्णव, मोटारींची मासिकं.
मधले सात अंक नाहीत,
एकाची पानं उंदरानं नेलेली,
नेमकी टायरांच्या तुलनेची.

रामबागेत, खोलीभर पसरली पंख्याखाली,
तेव्हा दिसलं, कडेनं कुणीतरी बोलतंय.
शिसपेन्सिल. बारीक, तिरकं, घाईतलं अक्षर.

छापलेलं: घाटात ही गाडी लोण्यासारखी चढते.
समासात: कुठल्या घाटात?
भेरूघाटात या. पाच माणसं, गव्हाची दोन पोती.
छापलेलं: लिटरला सरासरी सोळा.
समासात: अकरा पूर्णांक चार, बडवाहपर्यंत.
येताना समोरून वारा होता.

एका पानावर नुसतं:
स्टेपनी काढताना सामान कुठे ठेवायचं,
कुणीच लिहीत नाही.
आणि एकदा, कागद फाटेस्तोवर दाबून:
रंगाचं नाव नको. दुसऱ्या उन्हाळ्यात
सीट चिकटते का, ते सांगा.

छापलेलं वाचणं मी सोडून दिलं.

यंदाचा अंक स्टेशनसमोर मिळाला.
लोकेंद्र म्हणाला, दोनच प्रती येतात,
एक डेंटिस्ट नेतो, बाहेरच्या टेबलासाठी.
लग्नपत्रिकेएवढा जाड.
ओला रस्ता, परका डोंगर, चालवणाऱ्याचं तोंड दिसत नाही.
मध्यावर घड्याळ होतं.
तीन पानं वाचल्यावर कळलं,
ही जाहिरात नव्हे, ही चाचणी.
किंमत: विचारावी.

शेवटी एक तक्ता, कापून पाठवायचा.
वाचकहो, तुम्हाला काय हवं?
वेग. रूप. उद्याची गाडी.
तीन चौकोन.
मी पेन्सिल काढली, चौथा आखायला.
जागा नव्हती. फोटो थेट कडेपर्यंत,
आणि त्या तुळतुळीत कागदावर
शिसं घसरलं, उमटलं नाही.

मग ब्याण्णवचा दिवाळी अंक.
मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला, खाली, कोपऱ्यात:

ना. वि. मुळये, चालक, पाटबंधारे खाते.
साहेबांच्या अ‍ॅम्बॅसेडरचे आज एक लाख झाले,
मानपूरच्या अलीकडे.
साहेब झोपले होते.
उठवलं नाही.
स्वतःची: नाही.

खूप वेळ पंखाच ऐकत बसलो.
माझी आहे. तेरा वर्षांची,
डाव्या दारात खुळखुळ, कुणालाच सापडत नाही ती.

रविवारी शेजारच्या करंदीकरांना
आणि त्यांच्या तिघा भाच्यांना बसवलं,
पोती दोन, किराणावाल्याकडून उसनी.
करंदीकर म्हणाले, दर्शनाला चाललोय ना?
म्हटलं, हो, तसंच.

चोरलहून परत चढताना, जुन्या रस्त्यानं,
तिसऱ्या वळणाला ती दुसऱ्यावरही कण्हली.
भाचे हसले. मी कान दिला.

रात्री तेच पान काढलं.
पिवळा, खरबरीत कागद, पेन्सिल लगेच धरतो.
त्याच्या ओळीखाली लिहिलं:

मुळये, चढाचं बरोबर आहे.
सीटचंही.
वाऱ्याचं मात्र पटत नाही.
तो जातानाही समोरूनच होता.