पाण्याची चव

रात्री आठनंतर सेंदाईच्या त्या दुकानात
एक पोरगा पिवळे स्टिकर घेऊन हिंडतो,
त्याच्या मागे आम्ही पाचसहा जण,
म्हशीमागे बगळे हिंडतात तसे,
एकमेकांकडे न बघता.
टप्. अर्ध्या किमतीत बांगडा.
टप्. उद्या शिळा ठरेल असा भात.
टप्, आणि माझ्या हातात
ऑक्टोपसचा जांभळा पाय,
पंज्यांसकट नव्हे, वाट्यांसकट.

बत्तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या.
आता माझ्या मोजते.
झोपायला फडताळाएवढी जागा, बावीसशे येन,
वरच्या फळीवरची बाई झोपेत कोणाची तरी माफी मागते.
वेगाची गाडी नको.
थांबत थांबत जाणारी बरी,
जिच्यात शाळेची पोरं पेंगतात
आणि एक म्हातारा मांडीवरच्या मुळ्यांवर
आपली टोपी धरून बसतो, ऊन लागू नये म्हणून.

जिभेचा हिशेब मात्र मी ठेवत नाही.
नागानोत नाकतोडे खाल्ले, गोडसर, कुरकुरीत,
एकाचा पाय दातात अडकला तो पार मात्सुमोतोपर्यंत.
नात्तोच्या तारा हनुवटीवरून पुसता पुसता
बाहीवर गेल्या.
बहीण फोनवर म्हणाली,
तिथं नीट काही मिळत नाही का गं?
मिळतं ना.
नीट तर आयुष्यभर मिळालं.

ओनागावाला रूळ संपतात. पुढे समुद्र.
सहा स्टुलांची टपरी,
मालकीण ओनोदेरा सुमिए, गुडघ्यापर्यंत रबरी बूट.
बादलीतून तिनं काहीतरी काढलं,
लाल, पुळ्यापुळ्यांचं, ना फळ ना प्राणी,
कोणी रागाच्या भरात घडवलेलं काळीज.
होया, ती म्हणाली.
होय, मी म्हणाले.
तिला वाटलं, हिला नाव ठाऊक आहे.

सुरी लागताच पाणी उडालं, थेट चष्म्यावर.
आत पपईचा रंग.
शेजारच्या स्टुलावरचा सुगावारा, ट्रकवाला,
आपलं जेवण थांबवून माझ्या तोंडाकडे बघू लागला.
पहिला तुकडा: गंजका खिळा, दवाखान्याची फरशी.
दुसरा: काकडी, मग मीठ, मग कडू,
मग ज्याला नाव नाही असं काही.
थुंकावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू.
तिसऱ्याला
थांबावंसं वाटेना.

सुमिएनं पेला पुढे सरकवला. नळाचं साधं पाणी.
गोड.
आवळा खाल्ल्यावर लागतं तसं, तेच, घशापर्यंत.
आवळा कसा सांगायचा?
कागदावर गोल काढला, वर रेघा.
तिनं खूप वेळ बघितलं आणि आदरानं मान हलवली.
बहुधा तिला तो कंदील वाटला.

होया वाढायला तीन वर्षं लागतात. तीन बोटं.
मग तिनं हात उचलला,
खांद्याच्या वर, डोक्याच्या वर,
छताकडे बघून अजून वर,
स्टुलावर चढली असती तरी पुरला नसता,
आणि तो तसाच ठेवला.
सुगावारानं मान खाली घातली.
मग त्याच हातानं तिनं फळी पुसली.
पुन्हा तीन बोटं.

सातशे झाले. मी मोजून दिले.
तिनं गल्ल्यातून एक नाणं काढलं,
पाच येन, मधे भोक असलेलं,
हिशेबात कुठेच न बसणारं,
आणि माझ्या तळव्यावर दाबलं. गो-एन.
सुगावारानं फोन पुढे केला:
पाच येन आणि नातं, उच्चार एकच.
नातं नव्हे, मी मनात दुरुस्ती केली, ऋणानुबंध.
आमच्याकडे त्यात कर्ज आधी येतं.

शेवटच्या गाडीला चाळीस मिनिटं होती.
बादलीत अजून दोन होते.
उद्याची न्याहारी, परवाचं अर्धं जेवण,
सगळं बोटांवर झालं,
आणि उठलेली मी
परत स्टुलावर बसले.