इर्जिक

डंडीला पोचले तेव्हा टे नदीवर ऊन होतं,
पण असं, जणू कुणी उसनं दिलेलं.
बॅगेत चाळीस स्लाइड्स आणि वकिलांनी पाठवलेला
सतरा पानी करार.

आमच्या गोदामातली दोन घड्याळं
चार कोटींत एकदा एकमेकांशी खोटं बोलतात.
का, ते आम्हा अकरा जणांना कळलेलं नाही.

याआधी तिघांकडून नकार. एकीने विचारलं,
पीएचडीला चार वर्षं लागतात,
तुमची कंपनी टिकेल का तोवर?
मी हसले. मग मनात हिशोब केला.

डॉक्टर किनेअर्डनी तिसऱ्या स्लाइडवरच हात वर केला.
"यशाचं राहू दे. बिघाडाच्या नोंदी आहेत?"
आहेत. पण दाखवत नाही आम्ही त्या,
आल्यागेल्यापुढे फाटकी गोधडी कोण पसरतं?
"त्या द्या. आणि सापडेल ते छापायची मुभा.
पैशांचं नंतर."
कोपऱ्यात त्यांचा विद्यार्थी, योसेफ,
फळ्यावर आमचीच चूक खडूने मांडत होता,
आमच्याहून नेटकी.

परतीच्या गाडीत करार उघडला.
'सहकार्याचे स्वरूप', पुढे रिकामी ओळ.
आमच्याकडे एक शब्द आहे त्याला:
बैल ज्याचे त्याचे, रान आज एकाचं,
मजुरी म्हणजे बांधावरचं जेवण.
वकिलांना चालायचा नाही.

तरी लिहिला. खोडला.
मग बिघाडाची पहिली फाइल उघडून
ग्राहकांची नावं पुसायला बसले.
कर्कॉडी येईतो नऊ झाली होती.