दुसरी प्रत मांजलपूरला

‘रेड टाकावी म्हणतोय,’ मी जेवताना म्हणालो
आणि मंदाकिनीचा घास हातातच राहिला.
आपल्याकडे? आपल्याकडे काय सापडणार?
डाळीच्या डब्यातले तिचे साडेसात हजार, एवढंच.
मग समजावलं, की ही धाड आयकराची नव्हे.
एका कॉम्प्युटरात दोन डिस्क घालायच्या, जुळ्या.
एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटतं,
एक गेली तरी दुसरीवर घर चालतं.
‘म्हणजे सवत,’ ती म्हणाली
आणि आमटी वाढली.

माझ्याकडे सापडण्यासारखं आहे ते असं:
एकोणीस वर्षांच्या मगरी.
पहिली पाळी सुटली की कारखान्याच्या वासासकट
मी काळ्या घोड्याच्या पुलावर सायकल लावायचो
आणि विश्वामित्रीच्या हिरव्या, जाड पाण्यात
डोळे मोजायचो.
बत्तीस हजार फोटो.
बांडी, जिची शेपटी कुणी नेली कळलं नाही.
पाठीवर दुधाची पिशवी घेऊन ऊन खाणारा एक शहाजोग.
आणि अकरा सालच्या जूनमधली ती,
जबड्यात पिल्लं धरून
दरडीवरून उतरताना, जणू तोंडात अंडं आहे अशी चालत.

गेल्या महिन्यात डिस्कमध्ये पाल चुकचुकू लागली.
शंकेची नव्हे, ऐकू येणारी.

सयाजीगंजात हेमलभाई म्हणाला,
‘काका, बे नाखी दो, पछी निरांते ऊंघो.’
दोन घाला आणि झोपा.
पाकीट काढलं, नोटा मोजायला मान खाली घातली,
वर केली तर समोरच्या भिंतीवर, माझ्या खांद्याएवढ्या उंचीला,
तपकिरी रेघ.
सगळ्या दुकानाला त्यानं पिस्ता रंग दिला होता,
ती तेवढी वीतभर सोडून,
गिऱ्हाइकांना दाखवायला.

आमच्याकडे पाणी कमरेपर्यंत होतं.
गॅसची टाकी दिवाणखान्यात तरंगत होती,
मी कॉम्प्युटर डोक्यावर घेऊन गच्चीवर चढलो
आणि खाली, जिन्याच्या तिसऱ्या पायरीला नाक टेकून,
तीच, म्हणजे तिच्यापैकीच कुणीतरी,
आपले फोटो परत मागायला आल्यासारखी.
दोन डिस्क असत्या
तरी डोकं एकच होतं.
पाय घसरता तर तेलही गेलं असतं, तूपही,
आणि धुपाटणं आधीच वाहून गेलेलं.

शिवाय नऊ सालचं अख्खं वर्ष मी स्वतःच्या हातानं पुसलंय,
चष्मा न लावता, एका दुपारी.
आरसा काय करणार?
मी हसलो तर हसतो, पुसलं तर पुसतो,
‘अहो, नक्की ना?’ असं विचारत नाही.
मंदाकिनी विचारते. म्हणून ती आरसा नाही,
सवतीचं मात्र तिचं बरोबर होतं,
एका घरात दोघी नकोत.

आणि माझं कुठलं दुकान आहे
चोवीस तास उघडं ठेवायला?
डिस्क मेली तर आठवडाभर सुतक पाळीन,
मगरींना घाई नसते.

घेतल्या मात्र दोन.
एक इथे.
दुसरी धाकट्या बहिणीकडे, मांजलपूरला,
चौथ्या मजल्यावर, तिच्या रजयांच्या घडीत.
महिन्याच्या शेवटच्या शनिवारी स्कूटरवरून इथली तिकडे,
तिकडची इकडे, नव्या महिन्याची भर घालायला.
ती काही विचारत नाही, खमण काढून ठेवते.
पूर्वी आम्ही दिवाळीला भेटायचो, तेही घाईत.
मधल्या दिवसांचं काय, ते मला सुटलेलं नाही.
एक ते तीसपर्यंत जे टिपलं
त्याची प्रत एकच असते,
आणि पाल केव्हा बोलेल सांगता येत नाही.

परवा रात्रभर आजव्याचं पाणी सोडणार अशी बातमी होती.
साडेअकराला हिचा फोन.
मला वाटलं, वस्तू वर ठेवल्यास का, विचारेल.
म्हणाली,
‘तुझ्या मगरी कोरड्या आहेत, दादा.
झोप आता.’