लोकेशन

कॅन्टीनच्या टेबलावर, तर्रीचा डाग चुकवत,
ओजसने वही उघडली.
लघुपट : बारा मिनिटं, शेवटच्या सेमिस्टरचे चाळीस मार्क.
विषय : लसूण सोलणारी बाई.
"सामाजिक वास्तववाद," तो म्हणाला,
"म्हणजे मेकअप नाही, ट्रायपॉड नाही,
पार्श्वसंगीत तर अजिबात नाही."
तन्वीर म्हणाला, "बजेटही नाही,
म्हणजे आपण आधीपासूनच वास्तववादी."
सगळे हसले.
मीही. माझे हात टेबलाखाली होते.

कामं वाटली. कॅमेरा तन्वीर, संवाद ऋजुता,
परवानग्या, वडापाव आणि रिक्षाभाडं मेल्विन.
मी ध्वनी. मागूनच घेतला.
ध्वनीवाल्याला फ्रेममध्ये यावं लागत नाही.

ऋजुताने वाचून दाखवलं :
"बोटं जळतात, पण पोटातली आग मोठी."
मी म्हटलं, असं कोणी बोलत नाही.
"मग काय बोलतात?"
मला माहीत होतं काय बोलतात.
उद्याची गोणी ओली नको, म्हणतात.
काट्यावर शंभर ग्रॅम मारले मेल्याने, म्हणतात.
आणि मागच्या गल्लीतल्या शेवंताच्या सुनेवर
तास न् तास.
मी म्हटलं, "रेकीला गेलो की कळेल."

शनिवारी तुर्भे स्टोअर.
रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकांच्या पिपाण्यांतून
मी त्यांना मुद्दाम चुकीच्या गल्लीत नेलं.
दोनदा.
तिसऱ्यांदा ओजस स्वतःच वळला
आणि थांबला तो नेमका तिथेच :
निळा दरवाजा, उंबऱ्याशी अंथरलेलं पोतं,
पांढऱ्या पाकळ्यांचा ढीग,
ढिगामागे माझी आई.

तिने वर पाहिलं. त्या चौघांकडे. मग माझ्याकडे.
एक पाकळी सोलून व्हावी एवढा वेळ.
मग म्हणाली, "या. पाणी देऊ का तुम्हाला?"
तुम्हाला.
मला धरून.

"परफेक्ट," ओजस कुजबुजला.
"फक्त त्या फरशा..."
मोरपंखी, चमकणाऱ्या. दोन भिशा लावून
गेल्या दिवाळीत भिंतीला बसवलेल्या.
"भिंत जरा जास्तच सुखी दिसतेय.
गोणपाटाने झाकता येईल?"
डोळ्यांपुढे बोटांची चौकट धरून तन्वीर म्हणाला, "फ्रिजही."
आई ऐकत होती. सोलत होती.

मी हेडफोन लावला. कामच होतं माझं.
ट्रक, कुकरची शिट्टी, कुणाचा तरी टीव्ही,
आणि त्या सगळ्याखाली, अगदी कानाशी,
टरफल सुटतानाचा तो आवाज,
ज्याच्या शेजारी बसून मी आठवीपासून अभ्यास केला
आणि जो कधी ऐकलाच नव्हता.
"पंखा बंद ठेवावा लागेल," मी म्हणाले,
सोसायटीच्या वर्गणीला आल्यासारख्या आवाजात.
"बंदच असतो, मॅडम," आई म्हणाली.
"टरफलं उडतात."

रात्री तिने ताट वाढलं. काही विचारलं नाही.
भात संपत आल्यावर :
"किती दिवसांचं काम आहे तुमचं?"
दोन.
"म्हणजे दोन दिवस सोलणं बुडालं. घराचं किती देताय?"
वहीत लोकेशनसमोर शून्य होतं. सांगितलं.
ती हसली, पदराने नाक पुसत, लसणामुळे की कशामुळे.
"त्या पोराला सांग, फरशा दिसल्या तर पाचशे.
झाकायच्या तर हजार.
आणि फ्रिज हलवलास तर आतल्या दुधाची जबाबदारी तुझी, म्हणावं."

सोमवारी रकान्यात मी लिहिलं :
लोकेशन, पाचशे.
"झाकायच्या नाहीत?" ओजस.
"परवडत नाही."
त्याने बराच वेळ बोटांत पेन फिरवलं.
"तू एकटीच गेलीस परत? बाई बोलली तुझ्याशी?
ओळख काढलीस काय?"

मी हात टेबलावर ठेवले.
दोन्ही. उताणे.
ऋजुताने नाक वर करून इकडेतिकडे पाहिलं,
आणि मनापासून विचारलं,
"डब्यात चटणी आणलीय का कुणी?"