नाळ पडेना

बारा वर्षं झाली, पांढऱ्या पेशी मोजतेय
अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात,
तळमजल्यावरच्या त्या खोलीत, जिथं एप्रिलमध्ये
मशीन तापतं आणि हट्टाला पेटतं,
मग मी काचपट्टी काढते, चौकोन आखलेली,
आणि हातानंच मोजते.

परवा आकडा आला: बासष्ट हजार.
मशीनलाच शिव्या दिल्या.
हातानं मोजलं, तर एकसष्ट.
काचेखाली मुंगी शिरायला जागा नव्हती.

चिठ्ठीवर नाव: शेवंता घुले हिचं बाळ. मुलगा. दिवस चाळीस.

ती दारातच उभी.
"नाळ पडना की वो म्याडम.
सात-आठ दिसांत पडती म्हणं सगळ्याची.
हळद लावली, तूप लावलं,
शेजारीण म्हनली नजर हाय, ती बी काढली."
बेंबी लालभडक, काठ काळे.
आणि पू नाही. टिपूससुद्धा नाही.
पू म्हणजे काय, लढून पडलेलेच की.
इथं कुणी पोचलंच नव्हतं.

डॉक्टर तस्नीम यांनी त्याच चिठ्ठीच्या पाठीवर
दोन रेघा ओढल्या. ही शीर, म्हणाल्या.
रक्ताला ओढ असते, पेशीला मनात आलं म्हणून थांबता येत नाही.
दुखतं तिथं भिंतच आतून खरबरीत होते,
पेशी तिला घासते, गडगडते,
अडते, सुटते, पुन्हा अडते...
"आघाड्यागत?" मी विचारलं.
हो, लुगड्याच्या काठाला आघाडा. पण तो नुसता अडकलेला,
झटकला की गेला.
पुढं मूठ लागते.
मूठ आवळायची, चपटं व्हायचं,
आणि दोन चिऱ्यांच्या फटीतून अंग चोरून
जखमेकडे निघायचं.

ह्याच्या पेशींना ती मूठच नाही.

बासष्ट हजार,
आणि सगळ्या विनाथांबा गाडीत बसल्यासारख्या.
गाव खिडकीतून दिसतं. उतरता येत नाही.

रिपोर्टच्या रकान्यात संख्या विचारतात.
संख्या भरपूर आहे.
धरता येतं का, असा रकाना छापलेला नाही.
मी बासष्ट लिहिलं, सही केली,
तोवर बाळानं माझ्या हातमोज्याचं बोट धरलं होतं
आणि सोडत नव्हतं.

आज थोरला आणला, मुंजा, वय पाच.
त्याची मज्जा जुळली तर म्हणे, पुढं मुंबई, पुढं बघू.
नळी दंडाला बांधली आणि
रोज शंभर जणांना म्हणते तसं म्हटलं,
मूठ आवळ.
म्हटलं आणि जीभ जरा अडखळली.

त्यानं आवळली. शीर टरारून वर आली.
रक्त भरलं, सुई काढली, कापूस लावला.
सोड आता, झालं, म्हटलं,
तर सोडेना.
आईनं एकेक बोट उकललं.
आत एसटीचं अर्धं तिकीट होतं,
घामानं भिजून लगदा झालेलं,
केजपासून धरलेलं.